निळ्या भिंतीवरच्या दोन रेघा

१८ जानेवारी

...आणि म्हणूनच सांगते, निळ्याला उगाच बदनाम केलंय. मागच्या पोस्टखाली तुमच्यातल्या निम्म्या जणांनी लिहिलं की घरात निळा नको, दवाखान्यासारखं वाटतं. अहो, दवाखान्यात तो हिरवट निळा असतो, आणि वर ट्यूबलाइट. मी म्हणतेय तो थंड निळा वेगळा. पाटीवरचं पाणी वाळताना शेवटी जो रंग उरतो ना, तसा. बघालच तुम्ही.

तर आले मी रत्नागिरीला! म्हणजे मिरजोळ्यात, एमआयडीसीच्या मागच्या अंगाला. बाबांनी बांधलेलं चिऱ्याचं घर आहे, वर स्लॅब. पडवी, पुढची खोली, स्वयंपाकघर, बस्स. मी चार वर्षांची असताना आम्ही इथून विरारला गेलो. वीस वर्षं कंपनीतल्या कामगारांना भाड्याने दिलेलं होतं. भिंती पीच कलरच्या. पीच! त्यावर तेलाचे हात, कॅलेंडरचे खिळे आणि कोणीतरी लावलेले क्रिकेटवाल्यांचे स्टिकर.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. आई तेव्हापासून सुहासमामाकडे आहे, विरारलाच. आता तिला इथे राहायचंय असं तीच म्हणाली. आई स्वतःहून काही मागत नाही, म्हणून मी लगेच हो म्हटलं आणि घरं रंगवून-सजवून द्यायची दोन महिन्यांची कामं बंद ठेवली. रोज थोडं लिहीन. शेवटी बिफोर-आफ्टर फोटोंसकट सगळं एकदम पेजवर टाकीन.

एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर तुम्ही विचाराल की एवढा अट्टहास का. मला एक मोठा भाऊ होता, स्वरूप. सातव्या वर्षी तापात गेला, याच घरात. मी तीन वर्षांची होते, मला तो आठवत नाही. घरात फोटो नाही, आईने कधी नाव काढलं नाही. फक्त एक आहे. आई माझ्याशी बोलते तेव्हा माझ्या डोळ्यांत बघत नाही, माझ्या डोक्याच्या जरा वर बघते. लहानपणापासून. मला वाटायचं माझ्या मागे कोणीतरी उभं आहे.

तिने एकदा तरी या खोलीत बसून माझ्याकडे बघावं. माझा प्रोजेक्ट एवढाच आहे.

२० जानेवारी

रंगारी मिळाले. केरूकाका, साठीचे, बारीक, कानावर पेन्सिल. शेडकार्ड बघून म्हणाले, निळा काय गो बाय, चुन्यात नीळ टाकायची तर नीळ टाकली असती, एवढा डबा कशाला. मी त्यांना समजावलं की कूल कलर भिंतीला मागे ढकलतात, छोटी खोली मोठी वाटते. ते म्हणाले, भिंत माझ्या ओळखीची आहे, ती कुठे जात नाय.

पुढची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीला एक लोखंडी कपाट टेकून होतं. गंजलेलं, रिकामं, मागून खिळ्यांनी भिंतीला अडकवलेलं. केरूकाका म्हणाले, भाडेकऱ्यांना दत्तारामभाऊंची, तुझ्या बाबांची, ताकीद होती, काय पण करा, कपाट हलवायचं नाय. मी म्हटलं, बाबांना जुन्या वस्तूंचा सोस होता. दिलं भंगारात.

मागे भिंतीवर जुना चुना तसाच होता. त्यावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा, एकावर एक, दोन ओळींत. काहींच्या शेजारी ‘शि’, काहींच्या शेजारी ‘ग’. मला वाटलं गवंड्याची लेव्हलची खूण. काकांनी घासू का म्हणून विचारलं. दोनदा विचारलं. मी म्हटलं घासा.

२४ जानेवारी

पॉलिश पेपर, पुट्टी, प्रायमर, आणि आज निळ्याचा पहिला हात. भिंती वाळताना मी पडवीत बसून चहा प्यायले आणि दर पाच मिनिटांनी आत जाऊन बघितलं, लग्नघरात बघतात तसं.

एकच अडचण. कपाटाच्या जागी, साधारण माझ्या कमरेच्या वर, ताटाएवढा एक भाग वाळतच नाही. हात लावला तर गरम. चांगला गरम. केरूकाका म्हणाले पश्चिमेचं ऊन. पण ही मधली भिंत आहे, हिला ऊन कुठलं? त्यांनीही तळहात ठेवला. लगेच काढला आणि पँटला पुसला. म्हणाले, उद्या दुसरा हात देऊ, बसेल.

२६ जानेवारी

बसला! दुसऱ्या हाताने ती जागा गार पडली. आता तर बाकी भिंतीपेक्षाही गार आहे.

आणि खोली! दुपारी चारला ऊन पडवीतून आत येतं तेव्हा निळा जवळजवळ दिसेनासा होतो, नुसता गारवा उरतो. आणि मोठी वाटते म्हणजे खरंच मोठी वाटते. दारातून खिडकीपर्यंत चालत गेले तर एक पाऊल जास्त लागलं असं वाटलं. बघा, मी सांगत होते.

१ फेब्रुवारी

आई आली. मामा सोडून गेला. मामा सहा फूट, दारात वाकूनच आत येतो. म्हणाला, शमे, झकास केलंस, आता जेवायला झकास काय ते सांग.

आई चप्पल काढून सरळ मधल्या भिंतीकडे गेली. बॅग हातातच होती. जिथे कपाट होतं तिथे उभी राहिली. मग तिने हात वर केला आणि भिंतीवरून फिरवला, खालून वर, वरून खाली, अंधारात बटण शोधताना फिरवतात तसा. मग तिथेच खाली बसली.

मी विचारलं, आवडला का रंग. म्हणाली, चांगला आहे.

संध्याकाळी जेवली नाही.

३ फेब्रुवारी

आज तिने सांगितलं. मी लिहिते, पण हे पेजवर टाकणार नाही.

बाबा मुंबईत प्रेसमध्ये होते. घरी वर्षातून दोनदा यायचे, शिमग्याला आणि गणपतीला. मधल्या काळात पोरं वाढायची ती त्यांना दिसायची नाहीत. म्हणून आल्या दिवशी आम्हा दोघांना भिंतीला उभं करून डोक्यावर पेन्सिल ठेवायचे. शिमग्याचा शि, गणपतीचा ग. जाताना तेवढीच सुतळी कापून घेऊन जायचे, पुढच्या वेळचे कपडे त्या मापाने आणायचे. दोन बोटं सोडून. पोर वाढणार म्हणून दोन बोटं.

डावी ओळ स्वरूपची. उजवी माझी.

तो गेल्यावर बाबांनी ओळीपुढे कपाट ठोकलं. आई ते बघू शकत नव्हती आणि पुसूही देत नव्हती, म्हणून. ती वीस वर्षांनी का परत आली ते आता मला कळलं. ती त्या रेघांसाठी आली होती. आता तिला त्या बघायच्या होत्या.

मी खूप रडले. आई म्हणाली, तुला काय माहीत होतं. आणि माझ्या डोक्याच्या जरा वर बघत राहिली.

५ फेब्रुवारी

केरूकाकांना विचारलं, पुट्टी खरवडली तर खालच्या रेघा मिळतील का. ते म्हणाले, पॉलिश पेपरनं गेलेलं येत नाय बाय. आणि वर म्हणाले, मी दोनदा विचारलं होतं. तेवढंच. त्यांनी आजच्या चहाला पण नाही म्हटलं.

आई खात नाही. चहा, अर्धी भाकरी. दिवसभर भिंतीसमोर.

८ फेब्रुवारी

सुचलं! आईच्या डब्यात ती सुतळी आहे. बाबांची शेवटची, दोघांची एकत्र, प्रत्येक मापाला एक गाठ. तिने वीस वर्षं जपलीये.

दुपारी मी शेजारच्या शेडचा, अर्धा टोन गडद निळा घेतला, बारीक ब्रश घेतला आणि सुतळी लावून एकेक रेघ पुन्हा काढली. आई सुतळीचं टोक जमिनीला धरून बसली होती. शि, ग, शि, ग. स्वरूपची शेवटची रेघ तीन फूट दहा इंचांवर आली. माझी तेव्हाची तीन फूट एक.

आईने त्याच्या शेवटच्या रेघेवर ओठ टेकले. माझ्याच्याने बघवलं नाही. मी सहज, तिला बरं वाटावं म्हणून विचारलं, त्या पुढच्या शिमग्याला केवढा झाला असता गं तो? तिने दोन बोटं आडवी ठेवली. मी त्यांच्यावर एक रेघ काढली. चार फूट. शेजारी लिहिलं, शि.

आई हसली. देवाशप्पथ हसली. मग गाल भिंतीला लावून म्हणाली, निळा दिलास ते फार बरं केलंस बाय, त्याचा ताप उतरला.

मी तिला हे कधी सांगितलं नव्हतं की ती जागा गरम होती.

११ फेब्रुवारी

त्या रेघेच्या वर अजून एक रेघ आहे. शेजारी ‘ग’. माझ्याच गडद निळ्याची.

आईने काढली असणार. तिला विचारलं. तिने हात पुढे केले, स्वच्छ होते. मी डबा बघितला, झाकण वाळून घट्ट चिकटलंय. ओल असेल म्हणून केरूकाकांना फोन केला. म्हणाले, फेब्रुवारीत ओल कुठली. मी येत नाय, कंबर धरलीये.

आईने मात्र आज दोन भाकऱ्या खाल्ल्या. वरून मला म्हणाली, तू पण खा, अंगाला लागत नाही तुझ्या काही.

१४ फेब्रुवारी

चार फूट चार. तीन नव्या रेघा.

निळा फारच ताकदीचा निघाला. खोली एवढी मोठी दिसते की स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीला हात पुरला नाही. परवापर्यंत पुरत होता. जीन्सची खालची कड पायाखाली येतेय, धुऊन सैल झाली बहुतेक.

कूल कलर भिंती मागे ढकलतात. एवढंच आहे. नजरेचा खेळ आहे.

२० फेब्रुवारी

नजरेचा खेळ टेपला कसा कळेल?

आज टेप लावली. मी पाच फूट तीन इंच आहे. पासपोर्टवर लिहिलंय. टेप म्हणते चार फूट पाच. तीनदा मोजलं. दुसरी टेप आणली, दुकानातून नवी. चार फूट पाच.

त्याची रेघ चार फूट आठ.

मी कागदावर मांडलं. त्या दिवशी माझे पाच-तीन आणि त्याचे तीन-दहा. मिळून नऊ फूट एक इंच. आज माझे आणि त्याचे मिळून नऊ फूट एक इंच.

तो जेवढा चढतो तेवढी मी उतरते. सुरुवात मी करून दिली, माझ्या ब्रशने, दोन बोटांची.

आई स्वयंपाकघरात गुणगुणत होती. मी तिला कधी गुणगुणताना ऐकलेलं नाही. मी कागद चुरगळला आणि त्याच वेळी वाटलं, किती गोड आवाज आहे हिचा.

२३ फेब्रुवारी

शेजारच्या येसूकाकी ताक घेऊन आल्या. मला बघून आईला विचारलं, ही कोणाची पोर गो, आणि तुझी ती रंगवाली मुलगी गेली काय परत? मी म्हटलं, काकी, मीच ती. त्या पोट धरून हसल्या. म्हणाल्या, बोलते बघा कशी, आगाऊ.

आईने माझ्या केसांवरून हात फिरवला आणि ताक आत नेलं.

तिचा हात किती मोठा वाटला.

२५ फेब्रुवारी

पाच फूट. मी चार फूट एक.

एक सांगू? आई आता माझ्याकडे बघते. डोळ्यांत. आज वेणी घालून दिली. मला कोणी वेणी घातलेली आठवत नाही, बाबा बॉयकट करून आणायचे. वेणी घालताना ती मध्येच वर बघून कोणाला तरी म्हणाली, थांब रे, हिची झाली की वाढते तुला.

ती दोघांकडे बघते. एकदा खाली, एकदा वर.

२७ फेब्रुवारी

पळाले.

आई आंघोळीला गेली तेव्हा बॅग घेतली आणि सिटी बस पकडली. एसटी स्टँडवरून मुंबईची गाडी, मामाकडे. ठरवलं होतं. बसमध्ये कंडक्टरने न विचारता हाफ तिकीट दिलं. म्हणाला, बरोबर कोण आहे गो तुझ्या? मी म्हटलं, मी चोवीस वर्षांची आहे. मागच्या बाया हसल्या. एकीने मला मांडीवर घ्यायला हात पुढे केले.

स्टँडवर उतरून आईला फोन लावला, सांगायला की मी जातेय. तिने उचलला तो हसतच. पलीकडे काहीतरी चाललं होतं आणि आई मोकळी, खळखळून, पदर तोंडाशी न धरता हसत होती. मी ऐकत उभी राहिले. मग ती म्हणाली, शमू, लवकर ये, आम्ही जेवायचे थांबलोय.

आम्ही.

परतीच्या बसला पण हाफच दिलं.

१ मार्च

पाच फूट तीन. त्याची रेघ आज बरोबर माझ्या उंचीवर आहे. माझ्या आधीच्या उंचीवर.

आणि मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले तर माझं डोकं त्याच्या शेवटच्या खऱ्या रेघेला टेकतं. तीन फूट दहा. तो गेला तेव्हा होता, तेवढीच आहे मी.

पांढरा प्रायमर अर्धा डबा शिल्लक आहे. स्टूल आणलं, चढले, डाव्या ओळीच्या सगळ्यात वरच्या रेघेवर एक पट्टा मारला. एकच.

भिंत तापली. हाताला चटका बसला इतकी. आणि भिंतीतून तो आवाज — तापात लहान मूल दातावर दात वाजवतं ना, तो. आई स्वयंपाकघरातून धावत आली. हातात पाण्याचं भांडं आणि फडकं. तिला कोणी काही सांगावं लागलं नाही. तिने ओली पट्टी भिंतीवर ठेवली, उचलली, पिळली, परत ठेवली. परत. परत. तोंडाने एकच, उतरेल हां बाळा, उतरेल हां. वीस वर्षांपूर्वीची ती रात्र मी बघितली. तिने तेव्हाही हेच केलं असणार, आणि तेव्हा उतरला नव्हता.

मी माझ्या फ्रॉकने — माझ्या टी-शर्टने प्रायमर पुसून काढला. ओला होता, निघाला. खालचा निळा दिसला तशी भिंत गार पडली.

आईने मला मारलं नाही. नुसतं विचारलं, का गो?

मला सांगायचं होतं की मी संपत चाललेय. पण ती इतकी थकली होती.

२ मार्च

आता वाटतं, बाबांएवढा झाला की थांबेल. बाबा पाच फूट सहा होते. तिथे थांबलं तर मी तीन-सात उरेन. तीन-सात चालेल. मी राहीन तशी. आईला तसंही —

आईला विचारलं, तो किती मोठा होणार. आई म्हणाली, आमच्याकडची उंची घेतलीये त्याने, मामासारखा होईल. सहा फूट.

मोजलं. सहा फूट तो, तीन फूट एक मी. माझी बाबांनी काढलेली शेवटची रेघ. त्याच्या खाली माझ्या जुन्या रेघा आहेत. शि, ग, शि. सगळ्यात खालची बाबांच्या गुडघ्याएवढी.

त्याच्या खाली नुसता निळा.

५ मार्च

शिमग्याची पालखी आली. ढोल. पूर्ण वाडी पडवीत. आईने नवी साडी नेसली, ओटी भरली. येसूकाकी म्हणाल्या, दर्शने, आज कशी दिसतेस, दहा वर्षं उतरली अंगावरची.

मला गर्दीत कोणी दिसेना, नुसते पाय. तेवढ्यात कोणीतरी मला मागून उचललं. पालखी दिसावी म्हणून. खांद्यावर बसवलं. थंड हात होते, फार थंड, पण घट्ट. पडू देणार नाही असे. मी वरून सगळं बघितलं. गुलाल, ढोल, आई.

आई आमच्याकडे बघत होती. माझ्याकडे आणि माझ्या जरा खाली.

मी मागे — खाली — वाकून त्याचं तोंड बघितलं नाही. बघायला हवं होतं का?

तो वाईट नाही. हेच तर आहे. वाईट असता तर किती सोपं होतं.

७ मार्च

पाच फूट आठ. बाबांची उंची मागे पडली.

केरूकाका आले होते. दारातूनच बघितलं, आत नाही आले. मला ओळखलं. ते एकटेच ओळखतात. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. म्हणाले, एक रेघ ठेव बाय, दोन माणसांना ही भिंत पुरत नाय. एक पूस. कुठली ते मी सांगणार नाय, मला पण पोरं आहेत.

स्टूलवर चढता येत नाही आता. डावी वरची रेघ लांब गेली. माझ्या रेघेला हात पुरतो.

९ मार्च

पेन मोठं आहे. हात दुखतो.

आई भात भरवते. घास घेऊन. गोष्ट सांगते कावळ्याची. मला सगळं आवडतं. मला हे सगळं हवंच होतं —

काही शब्द आठवत नाहीत. त्या डब्याला काय म्हणतात, पांढऱ्या. रंगाच्या आधी देतात तो.

खोली किती मोठी. दार लांब.

११ मार्च

तीन फूट दोन. उद्या बाबांची रेघ. मग शि. मग ग —

ब्रश आहे. पांढरा आहे. दादाची रेघ उंच. आईच पोचेल. आईला सांगितलं तर तिला कळेल. एक पुसायची. ती रडेल. ताप येईल त्याला. परत पट्ट्या. परत परत.

माझी मला पोचते. मी पुसली तर आवाज नाही. मला ताप नव्हता कधी.

आई हाक मारते. शमू, दादाला घेऊन ये, पान वाढलंय.

निळा खूप छान दिसतो आत्ता. चार वाजलेत. मी म्हटलं होतं ना —

आई येते. पाय दिसतात. आता विचारू? आई, एकच ठेवायची, कुठली ठेवू, असं विचारू? की नको विचारू, मीच माझी — तुम्ही सांगा. तुम्हाला काय वाटतं, मी विचारलं तर ती आधी कुणाचं नाव घे—